ताणतणाव, भूक आणि शरीराचे वजन

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचेच अंतर, असे आपल्याकडे म्हणतात. चिता मेलेल्याला जाळते, चिंता जित्या माणसाला जाळते. घरात मोठा प्रसंग ओढवला की माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, अन्न गोड लागत नाही आणि पाहता पाहता तो वाळून जातो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परंतु याच्या अगदी उलट चित्रही आज घरोघरी दिसते. नोकरीतील दगदग, मुलांच्या परीक्षा, कर्जाचे हप्ते यांनी गांजलेला माणूस वाळण्याऐवजी सुटत जातो. त्याचे पोट पुढे येते, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाब व साखर वाढल्याचे कळते. एकाच चिंतेने एक माणूस वाळतो आणि दुसरा सुटतो, हे कसे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेच्या काउंटरवर बसून उपजीविका करणारे. तेव्हा हा लेख म्हणजे औषधोपचाराचा सल्ला नव्हे. शास्त्रज्ञांनी कष्टाने मिळविलेले ज्ञान आपल्या समाजबांधवांपर्यंत आणि विशेषतः विद्यार्थ्यांपर्यंत सोप्या शब्दांत पोचावे, एवढाच यामागील हेतू आहे.

संप्रेरक म्हणजे काय?

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. हा रस रक्ताबरोबर शरीरभर फिरतो आणि दूरच्या अवयवाला हुकूम पोचवितो. या रसाला मराठीत संप्रेरक म्हणतात. बोलण्यात आपण हार्मोन म्हणतो. हार्मोन हा शब्द इंग्लंडमधील स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १९०५ साली प्रथम वापरला. संप्रेरकाचे प्रमाण अत्यल्प असते, पण परिणाम मोठा असतो. साहेबांच्या सहीचा कागद एकच असतो, परंतु त्याने सारे कार्यालय हलते, तसेच हे आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन अवघे काही ग्रॅम. ताणाची दोन प्रमुख संप्रेरके याच ग्रंथींतून येतात. एक ॲड्रिनलिन आणि दुसरे कॉर्टिसॉल. या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वेगळेपणात दडलेले आहे.

पहिला तातडीचा, दुसरा रेंगाळणारा

समजा, सातपुड्यातील पाऊलवाटेने जाताना अचानक समोर बिबट्या उभा राहिला. क्षणार्धात छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो. हे ॲड्रिनलिनचे काम. रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, कारण त्या घटकेला जेवण पचविण्यापेक्षा जीव वाचविणे महत्त्वाचे असते. अशा वेळी कोणाला भूक लागेल? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या अवस्थेचा अभ्यास केला आणि १९१५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

कॉर्टिसॉल मात्र सावकाश येते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला निरोप देते आणि मग कॉर्टिसॉल रक्तात उतरते. त्याला काही मिनिटे लागतात. एकदा आले की ते तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. त्याचे मुख्य काम म्हणजे खर्ची पडलेल्या शक्तीची भरपाई करणे. ते यकृताला साखर सोडायला लावते आणि संकट टळल्यावर मेंदूला सांगते की, आता खाऊन घे, तिजोरी रिकामी झाली आहे.

आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर यकृतात साठविलेली साखर हे शरीराचे बचत खाते, केव्हाही काढावे आणि केव्हाही भरावे. अंगावरची चरबी ही मुदत ठेव. आणि स्नायू म्हणजे घरातील दागिने, ते अगदी नाइलाज झाला तरच मोडायचे. कॉर्टिसॉल हा या तिन्ही ठिकाणांहून पैसे काढण्याचा अधिकार असलेला खजिनदार आहे. संकटाच्या वेळी तो मोलाचे काम करतो. पण संकट रोजचेच झाले आणि खजिनदार रोज तिजोरी उघडून बसला, तर हिशेब बिघडल्याशिवाय राहत नाही.

कॉर्टिसॉल हे शत्रू नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ते नसेल तर माणूस जगणार नाही. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. आपण उठतो, कामाला लागतो, यामागे हीच भरती-ओहोटी आहे. रोज ठरावीक वेळी होणारी ही ओहोटी ताणामुळे होईनाशी झाली, म्हणजे मग त्रास सुरू होतो.

ताण या कल्पनेचा इतिहास

ताण हा शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात, परंतु वैद्यकशास्त्रात त्याला स्थान मिळून शंभर वर्षेही झालेली नाहीत. हॅन्स सेली हे कॅनडातील माँट्रियल येथे काम करणारे शास्त्रज्ञ. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विष असे निरनिराळे त्रास दिले तरी त्यांच्या शरीरात होणारे बदल सारखेच असतात, असे त्यांना आढळले. अधिवृक्क ग्रंथी सुजत, जठरात व्रण पडत. हे निरीक्षण त्यांनी १९३६ साली एका छोट्या टिपणात प्रसिद्ध केले. कारण कोणतेही असो, शरीराचे उत्तर एकच असते, हा त्याचा मथितार्थ. पुढे १९५० साली केंडॉल, हेंच आणि राइकश्टाइन या तिघांना अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

सेली यांचे म्हणणे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बिबट्या, साहेबांची नोटीस, सावकाराचा तगादा आणि रिकामे पोट, या सर्वांना शरीर जवळजवळ एकाच रीतीने तोंड देते. फरक एवढाच की, बिबट्या पाच मिनिटांत निघून जातो, तगादा मात्र वर्षभर दारात उभा असतो.

कोणी वाळतो, कोणी सुटतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ताणात असताना ढोबळमानाने दहांपैकी चार माणसे नेहमीपेक्षा जास्त खातात, चार कमी खातात आणि दोघांच्या खाण्यात फरक पडत नाही, असे अभ्यासक सांगतात. यामागे अनेक कारणे आहेत. ताण अचानक आणि तीव्र असेल तर ॲड्रिनलिन आणि मेंदूतील निरोप्या रसायने भूक मारतात. तोच ताण मध्यम आणि दीर्घकाळ चालणारा असेल तर कॉर्टिसॉल वरचढ ठरते आणि खाण्याची ओढ लावते. माणसाची मूळ प्रकृती आणि सवय यांचाही भाग असतो.

इंग्लंडमध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील हजारो कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून प्रसिद्ध आहे. कामाचा बोजा खूप, पण निर्णयाचा अधिकार काहीच नाही, अशा जागी असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांत एक गमतीची गोष्ट आढळली. जे मुळात सडपातळ होते ते पुढील पाच वर्षांत आणखी वाळण्याकडे झुकले, आणि जे मुळात स्थूल होते ते आणखी फुगण्याकडे झुकले. म्हणजे एकाच कचेरीतील एकाच ताणाने दोघांना दोन दिशांना ढकलले. चिंतेने माणूस वाळतो हे म्हणणारे खोटे नव्हते, आणि चिंतेने पोट सुटते हे म्हणणारेही खोटे नाहीत.

कामाचा बोजा आहे पण अधिकार नाही, हे वर्णन वाचून आमच्या कारकून बंधूंना कोणाची आठवण होईल हे सांगायला नको! ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत बँकांसमोर लागलेल्या रांगा सर्वांना आठवत असतील. रांगेतला माणूस उपाशी उभा होता, आणि काउंटरमागचा माणूस जेवणाची सुट्टी चुकवून चहा-बिस्किटांवर दिवस काढीत होता. ताण दोघांनाही होता. ३१ मार्चच्या हिशेबाच्या दिवसांतही काउंटरमागे थोडेफार असेच चालते.

गोड, खारट, तळलेलेच का हवेसे वाटते?

ताणात असलेला माणूस जास्त खातो तेव्हा तो मेथीची भाजी आणि भाकरी मागत नाही. त्याला शेव, भजी, जिलेबी, बिस्किटे हवी असतात. यालाही कारण आहे. गोड आणि स्निग्ध पदार्थ मेंदूतील सुखाच्या केंद्रांना गुदगुल्या करतात आणि घटकाभर बरे वाटते. अमेरिकेतील मेरी डॅलमन या संशोधिकेने २००३ साली असे मत मांडले की, असे खाणे ही मेंदूने स्वतःवर केलेली मलमपट्टी आहे. तिने ताणाची धग थोडा वेळ कमी होते, आणि म्हणूनच ती सवय जडते. पुढच्या वेळी ताण आला की हात आपोआप डब्याकडे जातो. पोटाला त्याची गरज नसते, सवयीची मात्र असते.

चहाचेच पाहा. एका कपात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली आणि दिवसाला ८ कप झाले, तर ८० ग्रॅम साखर पोटात जाते. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर २ किलो साखर केवळ चहातून झाली! ८० ग्रॅम साखरेचे ३२० कॅलरी होतात, म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी जितके बळ देईल तितके. फरक हा की भाकरीने पोट भरते आणि चहाने भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाची वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी. आपण केवळ चहातूनच ती मर्यादा ओलांडतो.

पोटावरच चरबी का?

कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिले तर चरबी हातापायांवर न साठता पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते, कारण तेथील चरबीच्या पेशी कॉर्टिसॉलचे हुकूम अधिक ऐकतात. त्याच वेळी स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचे काम कॉर्टिसॉल अवघड करून ठेवते. पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. ती यकृताला त्रास देते आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना वाट करून देते.

कॉर्टिसॉलचा अतिरेक झाला तर काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे कुशिंग यांचा विकार. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटकुळे. हा आजार दुर्मिळ आहे. रोजच्या ताणाने कॉर्टिसॉल इतके वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे. रोजचा ताण वजन वाढवितो तो मुख्यतः आडवाटेने. खाणे बिघडते, झोप बिघडते, चालणे बंद होते. म्हणूनच मोबाईलवर दिसणाऱ्या, कॉर्टिसॉल उतरवून पोट कमी करण्याची हमी देणाऱ्या चूर्णांच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींना कोणी भुलू नये.

पण याच ठिकाणी एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्ही कर्तव्य समजतो. सांधेदुखी, दमा, अंगावरील खाज यांवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांत कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टिरॉइड असते. योग्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते जीव वाचविते. पण गुण चटकन येतो म्हणून खेडोपाडी अशा गोळ्या नाव-गाव न सांगता कागदाच्या पुडीत दिल्या जातात आणि लोक त्या महिनोन्‌महिने घेतात. चेहरा भरला की घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! ती सुधारणा नसते, सूज आणि चरबी असते. पुडीतील गोळी कोणती, हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे. मात्र दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी मनाने एकदम बंद करू नये. कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल तयार करणे थांबविलेले असते, आणि एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते. डॉक्टरांकडे जाऊन ती हळूहळू कमी करावी.

झोपेचा हिशेब

आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. भूक लागल्याचा निरोप देणारे घ्रेलिन १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन रात्री केवळ ४ तास झोपू दिल्यावर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. भूक वाढली, आणि तीही विशेषकरून गोड, खारट व पिठूळ पदार्थांची.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, मध्येच चहा आणि फरसाण खातात, आणि सकाळी उशिरा उठून नाश्ता चुकवितात. त्यांना वाटते आपण वेळ वाचवीत आहोत. खरे म्हणजे ही उसनवारी असते आणि तिचे व्याज भरावे लागते. पाठ केलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. जागरणाने अभ्यासही बुडतो आणि प्रकृतीही.

बारीक दिसणारा लठ्ठ माणूस

आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की, आम्ही कुठे लठ्ठ आहोत? येथे आपल्या महाराष्ट्रातच झालेले एक संशोधन डोळे उघडणारे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडा-मांसाने किरकोळ होती. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाहेरून बारीक, आतून चरबीयुक्त.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच आकडा सांगत होता, शरीरे मात्र निराळी होती.

म्हणून भारतीयांसाठी मोजमापे कडक ठेवलेली आहेत. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे हा निर्देशांक मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ६५ किलो वजनाच्या माणसाचा निर्देशांक २३.९ येतो. आपल्यासाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप प्रत्येकाला परवडते, तेव्हा आजच मोजून पाहावे.

रिकामे पोट हाही ताणच

येथवर आपण खाऊन वाढणाऱ्या वजनाविषयी बोललो. परंतु नंदुरबार जिल्ह्यात राहून एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांवरील बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीसाठी गुजरातकडे आणि इतरत्र जातात. मुलांची अंगणवाडी सुटते आणि वेळेवरचे जेवणही सुटते.

उपाशी बालकाच्या रक्तातही कॉर्टिसॉल वाढलेले असते. हेच ते संप्रेरक, जे काउंटरमागच्या कारकुनाला जिलेबी खायला लावते. पण या बालकाचे बचत खाते केव्हाच रिकामे झालेले असते आणि मुदत ठेव मोडून खाल्लेली असते. मग खजिनदार दागिन्यांना हात घालतो. मेंदूला साखर पुरविण्यासाठी दंडाचे, मांडीचे स्नायू वितळविले जातात. अंगणवाडीसेविका सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाभोवती जी पट्टी गुंडाळते, तिच्यात हेच मोजले जाते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीचा लाल रंग दिसला, तर ते बालक तीव्र कुपोषित समजावे आणि विलंब न लावता उपचारासाठी न्यावे.

आणि ही गोष्ट बालपणातच संपत नाही. गर्भवती मातेच्या रक्तातील कॉर्टिसॉल बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून निसर्गाने वारेत एका विकराचा पहारा ठेवलेला आहे. मातेला पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत तर हा पहारा ढिला पडतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या मातांनी ती सोसली, ते मुलगे एकोणिसाव्या वर्षी तपासले गेले तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा अधिक आढळला. म्हणजे आईची उपासमार आणि मुलाचे पुढे सुटलेले पोट, हे एकाच सूत्रात ओवलेले असू शकतात. आपला समाज दोन-तीन पिढ्यांपूर्वी अर्धपोटी राहिला आणि आज त्याच घरांत नोकरी, दुचाकी आणि दोन्ही वेळचे जेवण आले आहे. अशा घरांत मधुमेह चाळिशीच्या आतच डोकावू लागला, तर त्याचे मूळ आजीच्या रिकाम्या पोटापर्यंतही जात असेल, हे विसरता कामा नये.

त्यामुळे लठ्ठ माणसाला खादाड आणि हडकुळ्याला आळशी म्हणून हिणविणे हे अज्ञान आहे. २०१५ पासून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचा चौरस आहार देण्यात येतो. आपल्या ओळखीच्या पाड्यावर तो प्रत्यक्ष ताटात पडतो की नाही, हे पाहणे सुशिक्षितांचे काम आहे. तसेच आपल्या स्वतःच्या घरी काय चालते तेही पाहावे. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरले-सुरले खाणारी गृहिणी हीच घरातील सर्वांत जास्त ताण सोसणारी व्यक्ती असते.

राजा पसेनदीची गोष्ट

खाण्याच्या सवयीचा प्रश्न काही आजचा नाही. संयुक्त निकायात कोसल देशाचा राजा पसेनदी याची एक लहानशी कथा आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असेच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवान बुद्धांच्या भेटीला आला. बुद्धांनी त्याला रागे भरले नाही की उपवास सांगितला नाही. जो जागरूक राहून, प्रमाण जाणून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा म्हटली. शेजारी सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती पाठ करायला सांगितली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी त्याला शंभर कार्षापणे ठरवून दिली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि तो सडपातळ झाला.

या कथेत आम्हांला तीन गोष्टी दिसतात. बदल हळूहळू झाला. आठवण करून देणारा माणूस नेमका जेवणाच्या वेळी हजर होता. आणि राजाला कोणी लाजविले नाही. आजचे आहारतज्ज्ञही याहून फार वेगळे सांगत नाहीत. आपल्याला शंभर कार्षापणे देण्याची गरज नाही. घरातील मुलीने जेवताना टी.व्ही. आणि मोबाईल बंद करण्याची आठवण दिली, तर सुदस्सनाचे काम तीही करील.

काय करता येईल?

१) जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. सकाळचे खाणे चुकवू नये. दुपारी उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी हावरटासारखा खातो.

२) खाण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, भूक पोटाला लागली आहे की डोक्याला? पोटाच्या भुकेला भाकरीही चालते. डोक्याच्या भुकेला फक्त शेवच हवी असते.

३) रोज अर्धा तास भरभर चालावे. चालण्याने ताण उतरतो, झोप लागते आणि इन्सुलिनचे काम सुधारते. चालायला पैसे लागत नाहीत.

४) मोठ्या माणसाने ७ तास झोपावे, विद्यार्थ्याने ८ तास. संध्याकाळी सहानंतर चहा टाळावा.

५) दादरची भाकरी, डाळी, हिरव्या भाज्या, भुईमुगाचे दाणे, परवडेल तेव्हा अंडी, हा आपल्या खान्देशातला आहार उत्तम आहे. पाहुण्यांना तेवढे बिस्किटाचे पुडे आणि मुलांना पाच रुपयांची पाकिटे, ही प्रतिष्ठा नव्हे.

६) दारू आणि तंबाखू ही ताणावरील औषधे नव्हेत. दारूने झोप मोडते, पोट सुटते आणि घर मोडते ते वेगळेच.

७) चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. कारण नसताना वजन झपाट्याने घटले किंवा वाढले तर चिंतेवर खापर न फोडता डॉक्टरांकडे जावे. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड यांनीही तसे होते.

८) मनातले बोलावे. नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला शेतकरी, सासरी कोंडी झालेली मुलगी यांना आहाराचा तक्ता देऊन उपयोग नसतो. त्यांना आधी ऐकून घेणारा माणूस हवा असतो.

समारोप

वरील आठ गोष्टींपैकी पहिल्या सात एकेकट्याने करता येतील. आठवी मात्र एकट्याने होत नाही. ताण हा पुष्कळदा माणसाच्या मनात जन्मत नाही. तो कमी मजुरीतून, कर्जातून, अपमानातून आणि अनिश्चिततेतून येतो आणि मग अधिवृक्क ग्रंथीच्या वाटेने शरीरात उतरतो. अशा ताणावरचा उपाय केवळ थाळीत सापडणार नाही. संस्थेच्या सभासदांनी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणे, विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी शांत जागा व वेळेवर जेवण मिळवून देणे, आजारी माणसाला योग्य डॉक्टरांपर्यंत नेणे, हीही शरीराच्या आरोग्याचीच कामे आहेत. कर्ज एका माणसाच्या डोक्यावर असले की डोंगर होते, जामीनदार उभे राहिले की हप्ता होतो. आम्ही बँकेत हे रोज पाहतो. ताणाचेही तसेच आहे.

विद्यार्थी मित्रांनी या लेखातील एक तरी गोष्ट आपल्या घरी सांगावी, आईच्या ताटात काय वाढले आहे ते आज रात्री पाहावे आणि शिंप्याची टेप घेऊन वडिलांच्या कमरेचा घेर मोजावा, एवढीच विनंती.